टोपी पडली, माणूस न्हाय

न्हाय, पाव्हणं, आमच्यात कोण मेलेलं न्हाय. बसा. आधी पटका घाला डोक्याला. जांबोटीपास्नं एवढं रान तुडवत उघड्या डोक्यानं आलासा, दारात मान घालून उभं ऱ्हायलासा – तवाच वळखलं मी, ती अफवा तुमच्यापतूर पोचली म्हणून. सगळी धडधाकट हायत. आत हळद दळायलीत, जात्याचा आवाज येतोय न्हवं? तिकडं बघा, मष्णू मांडवाचं खड्डं खणायलाय. सोमवारी अक्षता म्हंजे सोमवारी अक्षता. पुतण्याला सांगा, सासरा जित्ता हाय. – काय? थांबा, आधी माझं होऊ द्या. गूळपाणी घ्या.

झालं काय? झालं ते असं – खानापूरला तंबूत शिनेमा आलता. मी असल्या ठिकाणी जात न्हाय. पण गाडीचं चाक सुताराकडं टाकलं होतं, तो म्हणाला संध्याकाळपतूर थांबा. थांबून करायचं काय? गावची चार माणसं बाजारात गावली, म्हणाली, नागोजीआप्पा आल्याबिगर आमी आत जात न्हाय. गेलो. अगदी फुडं बसलो – मागं बसायची माझी रीत न्हाय – मागनं कळलं, फुडचीच जागा सस्ती. आता त्या शिनेमात बोलणं न्हाय. पडद्याशेजारी काठी घेऊन सांगणारा एक माणूस असतोय म्हणं, त्याचा घसा बसलेला. नुसती पेटी. पडद्यावर एक बारका साहेब, डोक्यावर टोपी. वाटेत बाई भेटली – टोपी काढली. फौजदार भेटला – काढली. एका बंगल्याच्या दारात गेला, परत काढली, छातीला धरून उभा, तोंड पाडून. तुमीच सांगा, आपल्यात माणूस डोक्यावरचं कवा उतरतोय? दारोदार उघड्या डोक्यानं हिंडणारा काय सांगत असतोय? मी म्हटलं, बिचाऱ्याचा बाप गेला. मग वारं सुटलं, टोपी उडाली, हा मागं धावतोय, टोपी फुडं पळतीया, शेवटी गाडीच्या चाकाखाली गावली. मागची शाळेतली पोरं पोट धरून हसायली. हसायचं काय त्यात? मी पटका काढला आन् मांडीवर ठेवला.

मी काढल्यावर आमच्या गावचा माणूस डोक्यावर ठेवंल? समद्यांनी काढला. खेळ सुटला, आमी तसंच, खाली मान घालून, बाजारातनं एकामागं एक. कुणी काय इचारलं न्हाय. असल्या येळी इचारतंय कोण? बघणाऱ्यानं आपापलं समजून घेतलं. दुसऱ्या दिवशी माझी बहीण धोंडूबाई वेशीपास्नं गळा काढत आली – माझ्याच नावानं. मी गोठ्यात धार काढत होतो. मला बघूनबी रडं थांबवंना. म्हणाली, एवढ्या लांबनं आलीया, पुरं करू दे.

तर गोष्ट एवढीच, टोपी पडली, माणूस न्हाय. साहेबाच्यात टोपी काढणं म्हंजे रामराम, हे सुतारानं सांगितलं, चाक देताना. आधी सांगाया काय झालतं? चूक माझी न्हवं. रीत त्यांची उलटी.

– थांबा वो, सांगतो न्हवं. लगीन हालणार न्हाय. तुमच्या आईचा शब्द हाय. रुक्माबाई म्हंजे रुक्माबाई, कुंकू लावायला आल्या तवा माझ्या पोरीचा हात धरून म्हणाल्या, नातसून डोळ्यादेखत घरात घेणार, मगच मी कुठं जायची ती जाईन. खोकत होत्या लई. आमच्या हिनं अडुळसा बांधून दिलता, खोकला उतरला असंल एव्हाना. त्यास्नी सांगा, चाक नवं बसवलंय, गाडी घेऊन मी सवता येतो न्यायला. बैल बी गरीब हायत, हिसका बसायचा न्हाय.

गूळ तसाच ऱ्हायला की. पटका बी हातातच. अजून इश्वास न्हाय व्हय माझ्यावर? तुमी तर हसत बी न्हाईसा. धोंडूबाईची गोष्ट ऐकून सुतकातला माणूस सुदीक हसला असता –

पाव्हणं.

मी आपलं टोपीचंच सांगत बसलो.

कवा? – काल सांजचं? – खोकल्यातच.

...

मष्णू. ए मष्णू. खणू नगंस आता. खणलाय तेवढा बुजव.

का म्हणून काय इचारतोस? हिकडं बघ. माझ्या डोक्याकडं बघ.