खडूच्या खुणेवरची पट्टी

"अहो, हा दिवा सरळ डोळ्यांत येतोय."

ऐकलंत, मंडळी? नाही ऐकलंत. तुमच्यापर्यंत पोचायला ते बोलणं नव्हतंच, पुटपुटणं होतं. आमचे तबलजी मुकुंदकाका माझ्यापासून दोन हातांवर बसतात, म्हणून माझ्या कानावर पडलं. उत्सव समितीनं यंदा मोठ्या हौसेनं हॅलोजन लावलाय. म्हणे, कीर्तनकार बाईंचा, म्हणजे माझा, चेहरा मागच्या खांबापर्यंत दिसला पाहिजे! दिसतोय ना? छान. आज उत्सवाचा तिसरा दिवस. काका परवाही हेच पुटपुटले होते, कालही पुटपुटले. मग काल मी काय केलं? त्यांना एक टोपी आणून दिली. म्हटलं, काका, जरा कपाळावर ओढून घ्या, टोचणार नाही. काकांनी घेतली. समितीच्या लोकांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं, आणि मलाही स्वतःचं जरा कौतुक वाटलं. आता खोटं कशाला बोलू?

तर आजचा प्रश्न ऐका. एखाद्याचं दुखतंय हे आपल्याला कळलं. त्याला बरं वाटावं म्हणून आपण काही तरी केलंही. पण जे एक वाक्य बोलायला हवं होतं, तेवढं बोललो नाही. ही दया झाली, की पाप? लगेच माना हलवू नका. शेवटी हलवा.

देवा, माझ्या जिभेवर येऊन बस. पण जरा सरकून बस, खऱ्यालाही जागा लागते.

द्वारकाबाई, तुमच्या कपाळावरच्या आठ्या मला या हॅलोजनमुळे एकेक मोजता येतायत! त्यांनी समितीला विचारलंय, देवळात नटीची कथा कशाला? बरोबर आहे. काल सीतेचं आख्यान झालं. तुम्ही सगळ्या रडलात, डोळे पुसलेत, प्रसाद घेतलात आणि घरी गेलात. कारण सीतेला आपण कोणी वनात धाडलं नव्हतं. आज म्हटलं, जरा जवळचं सांगावं. म्हणून अमेरिकेतलं आणलंय. पोथीत शोधू नका, सापडायचं नाही. माणसं मी रचलेली आहेत. दुखणं तेवढं खरं.

शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. अमेरिकेत एक मक्याचा मुलूख आहे. नजर जाईल तिकडे मका! तिथं दोन बहिणी. थोरली हॅना, धाकटी बर्था. आई लवकर गेली, म्हणून थोरलीनं धाकटीला न्हाऊ-माखू घातलं, वेण्या घातल्या, अंधाराची भीती वाटायची तर उशाशी बसली. तिकडे मोठ्या बहिणीलाही नावानंच हाक मारतात म्हणे. मारोत. माझ्या तोंडून ते निघायचं नाही. माझी बर्था हॅनाला ताईच म्हणणार.

दोघींची उंची एक, बांधा एक, कातडीचा रंगही एक. फरक एवढाच की बर्थाकडे पाहिलं की माणूस पाहतच राहायचा. हॅनाकडे पाहिलं की त्याला आठवायचं, आपल्याला कुठं तरी जायचं होतं.

बर्था सिनेमात गेली. तेव्हाचे सिनेमे मुके. पात्रं ओठ हलवणार, मग पडद्यावर अक्षरं येणार, आणि थिएटरात कोपऱ्यात एक जण पेटी वाजवत बसणार. कंपनीनं पहिल्या दिवशी तिचं नाव बदललं. कोरा लिंडन! आपल्याकडे लग्नात बदलतात, तिकडे करारात. चार वर्षांत ही कोरा घराघरांत गेली. तिच्यासारखे केस कापायला न्हाव्याकडे बायकांची रांग. आणि हॅना? हॅना तिच्या जागी उभी राहायची.

म्हणजे काय? सांगते. सिनेमाचा एक प्रसंग घ्यायचा तर आधी दिवे लावावे लागतात. हा इकडे, तो तिकडे, नाकाची सावली ओठावर पडतेय, परत हलवा. यात दोन-दोन तास जातात. एवढा वेळ नटीला उभं केलं तर तिचा चेहरा सुकेल. म्हणून तिच्याच उंचीचं, तिच्याच रंगाचं दुसरं माणूस उभं करायचं. सेटच्या चौथऱ्यावर खडूनं एक फुली काढायची. त्या माणसानं फुलीवर उभं राहायचं. दिवे बसले की ते बाजूला, आणि नटी ताजीतवानी येऊन पाच मिनिटांत काम करून जाणार. तशी रीतच होती, कोणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. हॅनाला तर अभिमान वाटायचा. म्हणायची, बर्थाच्या जागी उभं राहायला जगात मी एकटीच लायक आहे.

पण दिवे कसले, ते ऐका. कोळशाच्या दोन कांड्या, आणि त्यांच्या मधून वीज उडी मारतेय. वेल्डिंगवाल्याच्या दुकानावरून जाताना पोराची मान तुम्ही का फिरवता? तोच उजेड! तो एका अंगावर, दोन तास, रोज. दिव्यांपुढे आधी काच असायची, जाळणारा उजेड अडवायला. दिग्दर्शक प्रेंटिससाहेब म्हणाले, काचेनं चेहरा मळकट येतो, काढा. काढली. बर्थाला काय, पाच मिनिटं. हॅनाला दोन तास.

संध्याकाळी हॅनाचे डोळे लाल व्हायचे, वाळू भरल्यासारखे खुपायचे. मग कच्च्या बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवून पडायची. सकाळी बरं वाटायचं. पुढे पुढे सकाळीही वाटेना. एकदा, फक्त एकदाच, ती बहिणीला म्हणाली, "बर्था, दिवे जरा टोचतात गं."

बर्था म्हणाली, मग डोळे मिटून उभी राहा. प्रेमानं म्हणाली हो, उगाच नाही. पण प्रेंटिससाहेब म्हणाले, नाही, डोळे उघडे हवेत, बुबुळात दिव्याची ठिणगी कुठं पडते ते मला बघायचंय. हॅनानं उघडे ठेवले.

कंपनीच्या डॉक्टरांनी तिला तपासलं. वर बघ, खाली बघ. मग म्हणाले, घराण्यात कोणाचे डोळे अधू असतील. बर्था चटकन म्हणाली, हो, बाबांना चष्मा होता. मंडळी, बापाला चष्मा लागला होता साठीत! साठीत! आणि ही पोर तिशीचीसुद्धा नव्हती. पण सगळ्यांना हायसं वाटलं. दोष मक्याच्या शेतावर गेला ना, दिव्यावर नाही आला.

आता दिव्यांवर एक माणूस होता, त्याचं नाव गस. मनानं मऊ. हॅनासाठी डब्यातलं सफरचंद कापून ठेवणारा. एका सकाळी काय झालं, हॅना उभी राहायला आली आणि फुलीच्या दोन पावलं अलीकडे थांबली. तिथंच हसत उभी. तीस माणसं पाहतायत. कोणी तरी म्हणालं, हॅना, जरा पुढं. ती पुढं गेली, तर फुलीच्याही पुढं! ती हसली. सगळे हसले. आणि मग एकदम सगळ्यांना आपापली कामं आठवली.

दुपारी सेट रिकामा झाला तेव्हा गसनं हातोडी घेतली. खडूच्या फुलीवर बोटभर रुंदीची लाकडी पट्टी ठोकली. दुपारनंतर हॅना आली, पाय सरपटत आली, बुटाचं टोक पट्टीला लागलं. टक. थांबली. अगदी बरोब्बर! सगळ्या सेटचा जीव भांड्यात पडला. गसच्या पाठीवर कोणी थाप मारली. किती काळजी घेतो बघा! खरंच घेत होता हो. मला त्याचा राग धरता येत नाही, हीच तर अडचण आहे.

पट्टी ठोकणाऱ्याला कळलं होतं, की हिला दिसत नाही. थाप मारणाऱ्यालाही कळलं होतं. मग मंडळी, हातोडी उचलता आली, तर जीभ का उचलली गेली नाही?

पुढं ऐका. दुसऱ्या दिवशी बर्था आपल्या कामासाठी रुबाबात चालत आली आणि त्या पट्टीला अडखळली. पडता पडता वाचली.

"ही पट्टी कोणी ठोकली?"

गस दिव्याकडे बघतोय. प्रेंटिससाहेबांनी विचारलं, काढून टाकू का? बर्थानं बाजूला पाहिलं. हॅना खुर्चीवर बसलेली होती, आणि तिच्या उजव्या बुटाचं टोक घासून पांढरं पडलेलं होतं. नवा बूट! बर्था बराच वेळ त्या बुटाकडे बघत राहिली. मला वाटलं, आता बोलेल. कथा माझीच आहे, तरी मला वाटलं बोलेल.

ती म्हणाली, "राहू दे. मी ओलांडून जाईन."

आणि ओलांडून गेली हो. रोज.

इथंच थांबावंसं वाटतं. पण अजून पुढं आहे. कंपनीनं नवा सिनेमा काढला. नायिका आंधळी! बर्थानं मनावर घेतलं, अभ्यास करायचा ठरवला. कुठं जाणार अभ्यासाला? घरातच शाळा होती. सकाळी हॅना चहा घ्यायची, तेव्हा ही समोर बसायची.

"ताई, तो कप परत ठेव ना. आणि परत घे. मघाशी घेतलास तसा."

"कशाला गं?"

"सहज."

हॅनानं ठेवला. परत घेतला. तीनदा! तिला वाटलं, धाकटीला माझी काळजी वाटतेय. मांडीवर वाढवलेली पोर ती!

आणि कहर ऐका. त्या सिनेमातही दिव्यात उभी कोण? हॅनाच! डोळस नटीनं आंधळीचं सोंग घ्यावं म्हणून खरी आंधळी दिव्यात तासन्‌तास उभी. बुबुळात ठिणगी नीट पडावी म्हणून डोळे उघडे ठेवून. सव्वीस दिवस. मंडळी, कुठल्या पुराणातला राक्षस एवढं करेल? आणि इथं तर राक्षस एकही नव्हता. सगळी चांगली माणसं होती. सफरचंद कापून देणारी.

सिनेमा लागला. पहिल्या खेळाला झगमगाट. हॅना मधल्या खुर्चीत, एका बाजूला बर्था, दुसऱ्या बाजूला गस. पडदा उजळला. हॅनाला चित्र दिसत नाही, आणि मुक्या सिनेमात ऐकायचं काय? पेटी तेवढी ऐकू येतेय. मग पेटीही थांबली. आणि अंधारात लोक हुंदके द्यायला लागले.

हॅनानं हळूच विचारलं, "बर्था, लोक का रडतायत गं?"

"पडद्यावर ती मुलगी कप शोधतेय."

"कसा शोधतेय?"

दुसऱ्या बाजूनं गस बोलला. "आधी टेबलाची कड धरते. मग बोटांच्या मागच्या बाजूनं पुढं जाते, हळूहळू. कपाला धक्का लागू नये म्हणून."

हॅनाची बोटं मांडीवर तशीच पुढं सरकली.

"म्हणजे माझ्यासारखंच."

मग तिनं गसला विचारलं, पट्टी तूच ठोकली होतीस ना? तो हो म्हणाला.

"छान ठोकली होतीस. बूट लागला तेव्हाच मला समजलं, मला दिसत नाही हे तुम्हा सगळ्यांना समजलंय. मला वाटलं, आता कोणी तरी म्हणेल, हॅना, उतर खाली, घरी जा. तेव्हा मला थोडं दिसत होतं. बर्था आली की तिची सावली दिसायची. मी रोज वाट बघायची. पट्टी लागली की मनात म्हणायची, आज म्हणतील."

काय म्हणालात, द्वारकाबाई? मोठ्यानं म्हणा. मग आपणहून उतरायचं होतं तिनं?

द्वारकाबाई, रागावू नका. तुमचे गुडघे गेल्याला चार वर्षं झाली. सुनेनं उंच स्टूल आणून दिलं, बसून पोळ्या लाटता याव्यात म्हणून. गल्लीनं सुनेचं केवढं कौतुक केलं. मीही केलं, तुमच्याच घरी, तुमच्याच हातची पोळी खाताना. तुम्ही उतरलात आपणहून त्या स्टुलावरून? नाही ना? कोणी तरी म्हणायची वाट बघताय. घरातली दहा तोंडं पोळी खायला उघडतात, पण 'उतरा आता' एवढं म्हणायला एकही नाही. आणि तुम्ही हसताय, खांबाजवळचे? तुमच्याही घरी कुठं पट्टी ठोकलेली आहे, ते तुम्हाला ठाऊक आहे. मला कशाला सांगता? घरी गेल्यावर ज्याच्या पायाला ती लागते, त्याला सांगा.

आणि मी! मी टोपी दिली काकांना. कालपासून त्या टोपीखाली हा माणूस डोळे बारीक करून ठेका धरतोय, आणि मी दया-पापाचे प्रश्न विचारतेय तुम्हाला! समितीतलं कोणी आहे का तिकडे? तो हॅलोजन बंद करा. हो, पूर्ण बंद करा. मी दिसले नाही तरी चालेल, ऐकू येईन. काका, टोपी काढा.

हां. आता समईच्या उजेडात शेवटचं ऐका.

थिएटरात असाच अंधार. पडद्यावर कोरा लिंडन कपापर्यंत पोचली होती आणि लोक टाळ्या वाजवत होते. खाली खुर्चीत बर्थानं बहिणीचा हात धरला. एरवी अंधारात थोरली धाकटीचा धरायची. डॉक्टरांनी जे गिळलं, साहेबांनी गिळलं, गसनं हातोडीनं ठोकून टाकलं, ते तिनं अखेर तोंडातून काढलं.

"ताई, तुझे डोळे दिव्यांनी गेले. मला पट्टीच्याही आधीपासून माहीत होतं. तुला उतर म्हटलं असतं, तर तिथं मला उभं राहावं लागलं असतं."