कावळ्यापुढं माफ केलेली फी

कावळ्याला वकिलाची फी कळते व्हय? चेष्टा न्हाय, खरंच विचारतोय.

आमच्या चिकट अण्णाकाकांच्या रक्षाविसर्जनाला कावळा काही केल्या नैवेद्याला शिवेना. पोरं म्हणाली, "आईला सांभाळतो." शिवेना. "वाटणीवरनं भांडणार न्हाय." तरी शिवेना. तिकडं काकांच्या वकिलांना कोर्टाला उशीर होत होता. शेवटी त्यांनीच हात जोडले, "अण्णा, वारसदाखल्याची फी घेणार न्हाय!"

झडप घालून शिवला की वो!

पुढं दाखला मिळाला आणि मागोमाग चाळीस हजारांचं बिल आलं. काकी तडक राजारामपुरीत वकिलांच्या ऑफिसात.

"घाटावर काय बोललासा?"

"वहिनी, ते मी कावळ्याला म्हणालो होतो."

"मग बिल बी त्येलाच द्या!"