सलोमीबाईंचा अर्ज

डोळे मिटा, लेकरांनो! मागच्या काकांनो, तुम्हीही मिटा — झोपू नका मात्र! कल्पना करा: रविवारची सकाळ, चर्चच्या ओसरीवर चटई, चटईवर तुम्ही, समोर बाई. तुम्ही प्रश्न विचारला आणि बाईंना उत्तरच येईना! आता सांगा — शिकवणाऱ्यानं ‘मला येत नाही’ म्हणावं की नाही?

उघडा डोळे. मंडळी, ऐका!

सलोमीबाई बावीस वर्षं रविवारशाळा चालवत होत्या. एकदा त्यांनी बायबलमधल्या योना संदेष्ट्याची गोष्ट सांगितली — वादळ, मासा, सगळं! योनानं निनवे शहराला नाशाचा इशारा दिला, पण शेवटी देवानं त्या शहराला क्षमा केली. तशी नऊ वर्षांची केतुरा उठली. ‘बाई, एवढी माणसं वाचली, मग योना खूश व्हायचा सोडून रुसला का?’

बाईंना येईना! म्हणाल्या काय? ‘आगाऊपणा पुरे. बस खाली!’

केतुरा बसली. पुढच्या रविवारी — आलीच नाही. त्याच्या पुढच्याही नाही! बाईंच्या मनाला एकच लागून राहिलं: देवाच्या घरातून एक लेकरू आपण उठवलं!

‘मी शिकणार,’ त्या म्हणाल्या. पण धर्मशिक्षणाचं कॉलेज शहरात, आणि घरी नवरा, शामुवेलराव, लकवा होऊन अंथरुणावर. मग? घरबसल्या शिकायचं! चष्मा लावला, फोन उघडला, शोध सुरू!

पहिली जाहिरात — ‘आठ दिवसांत बायबलचे डॉक्टर व्हा! अभ्यास नको, फक्त फोटो पाठवा!’ खाटेवरून शामुवेलराव म्हणतात, ‘हो की गं डॉक्टर! आधी माझा पाय बघ!’ — हसता काय? तुमच्यापैकी कोणी फोटो पाठवला नाही ना?

दुसरा कोर्स सगळा इंग्रजीत. बाईंनी पान वर सरकवलं, खाली सरकवलं. इंग्रजी काही संपेना!

तिसरा — सापडला, मंडळी, सापडला! मराठी धडे टपालानं घरी येणार, उत्तरं आपल्या हातानं लिहून परत पाठवायची! बाईंनी अर्ज दुकानातून छापून आणला. पण त्याच्या तळाशी एक अट. ‘तुमच्या एका विद्यार्थ्यानं भरावं: चूक झाली तर शिक्षक ती कबूल करतात का? हो की नाही?’ आणि मुदतीचा शेवटचा दिवस — अर्ज आजच टपालात पडायला हवा!

वर्गात चौदा मुलं. कोणीही ‘हो’ लिहून दिलं असतं! पण बाई निघाल्या तडक केतुराकडे.

‘रुसलीस?’

‘तुम्हीच ओरडलात.’

‘हो गं. तुझा प्रश्न मला येत नव्हता, म्हणून ओरडले. चुकलं माझं.’ बाईंनी कागद पुढे केला. ‘खरं तेच लिही. “नाही” लिहिलंस तरी मी हाच पाठवीन.’

‘मग ते तुम्हाला घेणार नाहीत!’

‘नाही घेतलं तर नाही.’

थांबा! आयाबापांनो, तुम्ही सांगा — उत्तर आलं नाही म्हणून आपण किती वेळा आवाज चढवला? मी चढवलाय. तुमच्या घरात कोणतं लेकरू असं गप्प बसलंय? आज घरी गेल्यावर त्याच्याजवळ बसा, आणि म्हणा, ‘पुन्हा विचार!’

आणि केतुरा? तिनं पेन्सिल जिभेला लावली. ‘नाही’वर खूण केली — केली हो! मग शेजारी मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘आजपासून हो.’ खाली सही. पायांत चपला सरकवल्या. ‘चला ना बाई, टपाल चारला जातं!’ — आणि बाईंचा हात धरून पळतच सुटली!