एक्केचाळीस मिनिटांचा वाचक

...नाही, पण मला सांगा, वीस वर्षं ज्या शब्दासाठी बोलणी खाल्ली, त्याच शब्दावर आता आपलं सदर टिकणार म्हटल्यावर माणसानं करायचं काय? तुम्हाला सांगतो, आमच्या पेपरात जुने संपादक होते ना, ते माझी बातमी हातात घेतली की लाल पेन उचलायचे. "डोंट ड्वेल! अहो, आग लागली, विझली, चला पुढे. रेंगाळता कशाला?" वीस वर्षं हेच! ती घाई अंगात इतकी मुरली की घरी बायको विचारायची, "जेवलात, की नुसतं ताट बघून उठलात?"

ते निवृत्त झाले, नवे साहेब आले आणि त्यांनी भिंतीवर हा एवढा पडदा लावला. पेपराच्या इंटरनेट आवृत्तीत कुठल्या मजकुरावर वाचक किती वेळ थांबला, मिनिटं-सेकंद सगळं त्यावर. त्याचं नाव काय, तर ड्वेल टाइम! आणि साहेब म्हणतात, नाकातून हं, "वाचक रेंगाळला पाहिजे."

माझं होतं काय? दर गुरुवारी 'कोपरा' नावाचं एक छोटं सदर. लिफ्टवाला, शिंपी, चष्मे दुरुस्त करणारी बाई, अशी कामाची माणसं. खाली नावसुद्धा नाही, नुसतं 'आमचा प्रतिनिधी'. साहेब म्हणाले, "महिनाभर बघतो. कुणी रेंगाळलं नाही, तर कोपरा बंद. तुम्ही हवामान बघा." अहो, हवामानात काय लिहिणार? ढग आले, ढग गेले. आणि खरं सांगतो, अख्ख्या पेपरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

महिना संपला, पडद्यावर आकडा आला... सरासरी चौदा मिनिटं! साडेतीनशे शब्दांना! राजकारणवाल्याची बावीस सेकंदं. साहेबांनी स्वतः खुर्ची ओढून दिली. "गुपित काय?" मी म्हटलं, "साधना." मग संगणक सांभाळणाऱ्या बाईंनी मला हळूच बाजूला घेतलं. "अहो, वाचक तीनच आहेत. दोघं पंधरा सेकंदांत पळतात. एक जण मात्र एक्केचाळीस मिनिटं थांबतो. दर गुरुवारी, सव्वाचारला."

आता हा देवमाणूस कोण? की वाचता वाचता झोपतो?

पुढच्या गुरुवारी बायकोनं मला तिच्या आईचे डोळ्यांचे थेंब पोचवायला पिटाळलं. आमचे सासरे म्हणजे काय सांगू, त्यांनी चपला घालायला घेतल्या की आपण आंघोळ उरकून यावी. त्या भीतीनं वीस वर्षं मी त्यांच्या दारातूनच पळ काढत आलोय. गेलो तर दार उघडं. वेळ सव्वाचार. सासूबाई पलंगावर, त्यांना हल्ली दिसत नाही, आणि सासरे टॅबलेट तांब्याला टेकवून मोठ्यानं वाचतायत. काय वाचतायत? माझा कोपरा! त्या आठवड्यात किल्लीवाल्यावर होता. एक वाक्य वाचायचं की थांबायचं.

"म्हणतो, कुलूप हातात घेतलं की त्याची चावी कळते."

"आपलं ते पितळी कुलूप आठवतं? तुम्ही चावी आत ठेवून लावलेलं?"

"मी नाही, तू."

झालं, पंधरा मिनिटं त्या कुलपावर! मग सासूबाई म्हणाल्या, "पुन्हा वाचा ते." थेंब त्यांच्यासाठी आणलेले आणि डोळे माझे भरलेले. ज्या माणसाला जन्मभर टाळलं, त्यानंच माझा कोपरा वाचवला होता हो.

सासऱ्यांनी मान वर केली. "या जावईबापू, लगेच निघायचं असेल ना?"

"बसा थोडं," सासूबाई म्हणाल्या. "कोण लिहितो देव जाणे, पण माणूस धीराचा आहे. तुम्हीही पेपरातच ना? शिका जरा त्याच्याकडून."

अगदी जिभेवर आलं होतं. पण जावयाचं म्हटलं की भराभर कौतुक करून मोकळे होतील, आणि एक्केचाळीसची होतील दोन मिनिटं. म्हटलं, "हो, शिकतो." चपला काढल्या आणि बसलो. वाचक रेंगाळतो तर लेखकानं का नाही?

घरी पोचलो तेव्हा साडेसात. बायको म्हणाली, "थेंब द्यायला तीन तास?"

"अगं, पाचलाच उठलो होतो," म्हटलं, "पण तुझे बाबा म्हणाले, थांबा, कोपऱ्यापर्यंत सोडतो... आणि त्यांनी चपला घालायला घेतल्या."