झाकणाचं भोक

गॅरेजच्या बाकावर माझ्या शेजारी एक नवराबायको बसले होते. मेकॅनिक त्यांच्या जुन्या गाडीच्या टाकीचं झाकण घेऊन आला.

"काका, झाकण उघडलं की फुस्स होतं ना?"

"आज तर हातातून उडालं."

"उडणारच. पेट्रोलची वाफ जायला याला भोक असतं. ते कुणीतरी बुजवलंय."

"मीच. हिला वास यायचा."

"कशानं बुजवलंत?"

"हिच्या नेलपॉलिशनं. तीन हात दिले."

"अहो, ती बाटली वन्संनी नेली म्हणून मी चार महिने त्यांच्याशी बोलत नाहीये."

"माहितेय. घर कसं शांत होतं."

"दादा, तुम्ही भोक मोकळं करा. मी वन्संना फोन लावते. बोलायचं यांनी."