बाक कुठे हवा?

माझं दुकान गेलं ते बाबांमुळे! दुसऱ्या कुणाचं नावच घेऊ नका. पालिकेला शिव्या देऊन काय उपयोग, ती बिचारी नुसता खडू हातात घेऊन उभी होती, फळ्यावर लिहिलं आमच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी, माझ्या जन्मदात्यांनी!

तुम्हाला सांगतो, मी कॉलेज सोडलं तेव्हापासून हा माणूस माझ्याशी "दार लाव" यापलीकडे एक शब्द बोलत नव्हता. म्हटलं, नका बोलू. चौकाच्या कोपऱ्यावर पंक्चरचं दुकान टाकलं. दुकान म्हणजे काय हो, वर एक पत्रा, खाली पंप, घमेल्यात पाणी, आणि गिऱ्हाइकाला टेकायला भंगारातल्या बसची एक लांब सीट. गिऱ्हाइकाला! पण गिऱ्हाईक त्या सीटवर बसलेलं कुणी पाहिलं असेल तर शपथ! सकाळपासून वर आमचे बाबा, शेजारी टेलरकाका, आणि टोकाला बुलेटिन आजी... समोरच्या बिल्डिंगमधल्या, बातमी घडायच्या आधी त्यांना कळते. आणि तिघांच्या सूचना! "ट्यूब नीट घास." "अरे, तिरकं बसलं ते." आयुष्यात एक चाक खोललंय का यांनी? पण एक आहे, बाबा बोलायला लागले होते. चुका काढत होते, पण बोलत होते.

तर एक दिवस आल्या पालिकेच्या शहररचनावाल्या मॅडम, स्कूटर ढकलत. "आपल्याला या चौकात जान आणायचीये! पण वरून काही लादायचं नाही हं, सगळ्यांना विचारून करायचं!" मी म्हटलं वा, पहिल्यांदाच कुणीतरी विचारतंय! तर पुढचं वाक्य काय? "दादा, मागचं चाक बसलंय, तेवढं बघता? मी तोवर शाळेच्या हॉलमध्ये मीटिंग घेते."

म्हणजे सगळे हॉलमध्ये, आणि मी मॅडमच्या चाकाखाली!

आत काय झालं ते मला फार नंतर बुलेटिन आजींकडून कळलं. भिंतभर नकाशा. प्रत्येकाच्या हातात एक लाल टिकली. प्रश्न एकच, बाक कुठे हवा? आता सरळ आहे ना, नवी जागा सुचवा! कारंज्यापाशी सुचवा, वाचनालयापाशी सुचवा! छे! मुख्याध्यापक उठले, चष्मा पुसला, आणि टिकली लावली कुठे? तर रोज जिथे बूड टेकतात तिथे! माझ्या दुकानावर! सरांनी लावली म्हटल्यावर टेलरकाकांनी तिथेच, आजींनी दोन लावल्या, एक घरी राहिलेल्या सुनेच्या वाटची... नकाशावर माझ्या दुकानाला गोवर आला हो!

मॅडम बाहेर आल्या, चेहरा असा खुललेला. "दादा, एवढं एकमत मी कुठ्ठेच पाहिलं नाही!" आणि मी गाढव, म्हटलं, "अभिनंदन!" वर चाकात हवाही भरून दिली.

पत्रा उचलायला माणसं आली तेव्हा मला कळलं. मुकादम म्हणतो, "आमच्यावर ओरडू नका, सगळ्यांना विचारून केलंय." मग कुठे बुलेटिन आजींनी टिकल्यांचं सगळं सांगितलं. धावलो घरी. "बाबा, तुम्ही माझ्या दुकानावर टिकली लावलीत?"

"दुकानावर कुठे? बाकासाठी लावली. तुझ्या त्या सीटच्या स्प्रिंगा टोचतात."

"अहो, मग दुकान कुठे जाणार?"

"ते आहेच की तिथे!"

आहेच की तिथे! पोरांना आयुष्यभर भूगोल शिकवला या माणसानं!

बाक आला. चकचकीत, पाठ टेकायला लाकडी पट्ट्या, एकही स्प्रिंग नाही. चार दिवस बसले तिघं, पाचव्या दिवसापासून कुणी फिरकेना. का? टेलरकाका म्हणतात, "मजा नाही रे. बघायचं काय तिथे?" हो का! म्हणजे मी काय सिनेमा होतो?

मॅडमनी पुन्हा मीटिंग लावली. चौक ओस का पडला? या वेळी मी पहिल्या रांगेत. बाबा उठले, खाकरले. "माझ्या मते तिथे एखादं पंक्चरचं दुकान हवं." अहो, टाळ्या! बुलेटिन आजींनी तर रुमाल काढला! मॅडम म्हणाल्या, "किती सुंदर कल्पना, सर!" मी दोन्ही हात वर करून ओरडलो, "मी आहे ना! मी! पंप घरी पलंगाखाली आहे, उद्या येतो!"

मॅडम माझ्याकडे बघून गोड हसल्या. "नक्की अर्ज करा हं, दादा. पण जागा कुणाला द्यायची, ते आपण सगळ्यांना विचारून ठरवू."

अजून विचारतायत. मी बायपासवर दुसऱ्याच्या गॅरेजात चाकं खोलतो, सकाळी अंधारात निघतो, रात्री परत येतो. दुकान गेलं. आणि बाबा पुन्हा "दार लाव" एवढंच बोलतात.