सुनेसाठी गाऱ्हाणं

कोणाला खरं वाटणार नाही, पण पेडण्याच्या बसमध्ये मी हे माझ्या कानांनी ऐकलं. पुढच्या बाकावर पार्सेची देवकी आणि तिचा शेजारी कृष्णनाथ बसले होते.

“काल रविवारची मालिका चुकली माझी. सासूनं हाकललेली ती सून परतली काय रे? तिच्यासाठी मी देवाकडे गाऱ्हाणं घातलंय.”

“परतली मगो, वहिनी! सासूनंच दार उघडलं.”

“मग?”

“जवळ बसवून पेज वाढली.”

“पेज? त्या बंगल्यात?”

“सोबत मिठातली कैरीसुद्धा! मी तर रडलो.”

“देव पावला! आजच नारळ देते.”

“दे, दे.”

“पण थांब कृष्णनाथा, काल वीज गेली ती आपल्या अख्ख्या वाड्यावर. तुझा टीव्ही काय समईवर चालला?”